नजरेखालची मेहनत

कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीत पहाटे पावणेपाचला मी जाऊन बसले, तेव्हा आत चौदा पोरं मेहनत करत होती. बाहेर अजून अंधार होता. हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद घालून मुरवलेली. तिचा वास दारापर्यंत येत होता. वस्ताद कट्ट्यावर बसले होते. खांद्यावर पंचा, हातात काही नाही. शिट्टी नाही, घड्याळ नाही, भिंतीवर मारुतीच्या तसबिरीखेरीज काही नाही. पोरं जोर मारत होती आणि वस्ताद नुसते बघत होते. वीसेक मिनिटं त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. मग एकाकडे बोट करून म्हणाले, "बास. ऊठ तू."

पोरगा सोळा-सतराचा. शेजारचा जसे जोर मारत होता तसेच हाही मारत होता. मला तरी दोघांत फरक दिसला नव्हता. तो गुमान उठला, अंग पुसलं आणि भिंतीला टेकून बसला.

मेहनत संपल्यावर मी वस्तादांना विचारलं, त्यालाच का थांबवलंत?

"गावाकडनं जत्रा करून आलाय. तीन रात्री झोप न्हाई. कंबर खाली पडाय लागली हुती त्येची, बघितलासा न्हवं?" मी बघितलं होतं, पण मला दिसलं नव्हतं. "त्येच्या जोडीदाराला दोनशे जोर म्हंजे काय न्हाई. ह्येला आज साठ लई झालं. उद्या बघू."

हे "उद्या बघू" मी पुण्याला घेऊन आले. गेलं वर्षभर व्यायाम शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या माणसांना भेटत हिंडले, त्यात हे दोन शब्द सतत माझ्यासोबत होते. छापील तक्त्यात उद्या काय करायचं ते आधीच लिहिलेलं असतं. वस्ताद ते उद्या माणूस समोर आल्यावर ठरवतात. या लेखाचा सगळा विषय एवढ्या फरकात आहे.

मी या विषयाकडे वळले ते गुडघ्यामुळे. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरात कोंडून पडलेलो असताना, मी मोबाइलवरचा तीस दिवसांचा एक व्यायामक्रम सुरू केला. तेव्हा मी ५१ वर्षांची होते. पडद्यावरची मुलगी पंचविशीची, उत्साही, शिकवण्यात काही खोट नसलेली. ती उड्या मारायला सांगे, मी दिवाणखान्यातल्या फरशीवर उड्या मारी. अकराव्या दिवशी डावा गुडघा दुखू लागला. तिने बाराव्या दिवसासाठी आणखी उड्या ठेवल्या होत्या. पडद्यातून माझा गुडघा दिसण्याची सोय नव्हती, तेव्हा तिला दोष तरी काय द्यायचा? पंधराव्या दिवशी गुडघा सुजला आणि पुढचे तीन महिने मी जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरत होते.

पुढे डॉक्टर झाले, शेक झाला. मग मैत्रिणीने तिच्या सोसायटीत व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीचं नाव सुचवलं. ही चौतिशीची, बी.पी.एड. झालेली, कॉलेजात असताना खो-खो खेळलेली. आपलं नाव छापू नका, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. पहिल्या दिवशी ती आली आणि तिने मला एकही व्यायाम दिला नाही. पाऊण तास प्रश्न विचारत राहिली. झोप किती? रात्री उठावं लागतं का? बाळंतपणं कशी झाली? दिवसभर बसता त्या खुर्चीची उंची किती? चपला दाखवा. तिने माझ्या रोजच्या चपला उलट्या करून तळवे पाहिले. मग म्हणाली, "काकू, त्या दारापर्यंत चालत जा आणि परत या." मी गेले, आले. "आता खुर्चीतून हात न टेकता उठा." उठले. "परत."

मग तिने विचारलं, "उजव्या घोट्याला कधी लागलंय का?"

लागलं होतं. कॉलेजात असताना, पर्वतीवरून उतरताना पाय मुरगळला होता. तीस वर्षांत त्याची आठवण निघाली नव्हती. पण त्या घोट्याने वाकणं कमी केलं होतं, आणि शरीर आपल्याला न विचारता डाव्या पायावर भार टाकत आलं होतं. माझ्या डाव्या गुडघ्याचा इलाज उजव्या घोट्यापासून सुरू झाला. पहिले दोन आठवडे मी भिंतीला हात लावून घोटा वाकवणं आणि खुर्चीतून सावकाश उठणं, एवढंच करत होते. कुठलाही छापील क्रम माझ्यासारख्या बाईला गुडघ्याचे व्यायाम देतो, आणि ते चूक नाहीत. फक्त ते माझे नव्हते.

तिच्याजवळ एक दोनशे पानी वही असते. प्रत्येकाची पानं वेगळी. त्या दिवशी तिने माझ्या पानावर लिहिलेल्या पहिल्या ओळीत व्यायामाचं नाव नव्हतं, "चपला बदलणे" असं होतं.

आता यावर कोणी म्हणेल की एका गुडघ्याच्या गोष्टीवरून एवढं कशाला? माझ्याही मनात हे आलं होतं, म्हणून मी जरा खोलात गेले. एकच व्यायाम वेगवेगळ्या माणसांना दिला तर काय होतं, याचा एक मोठा अभ्यास गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत आणि कॅनडात झाला. हेरिटेज फॅमिली स्टडी त्याचं नाव, क्लोद बुशार हे त्यामागचे प्रमुख संशोधक. बैठं काम करणाऱ्या, व्यायामाची सवय नसलेल्या कुटुंबांना त्यांनी २० आठवडे सायकलवर व्यायाम करायला लावला. क्रम सगळ्यांना एकाच पद्धतीचा, यंत्रांवर मोजलेला, देखरेखीखाली. ४८१ माणसांची मोजमापं १९९९ साली प्रसिद्ध झाली. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे त्यात पाहिलं होतं. दमसासाचं ते चांगलं माप मानतात. सरासरी वाढ मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर निघाली. पण या सरासरीच्या पोटात काय दडलं होतं? काहींची वाढ जवळजवळ शून्य. काहींची एक लिटरपेक्षा जास्त. तोच घाम, तेवढेच आठवडे, आणि एकाच्या पदरात काही नाही तर दुसऱ्याच्या पदरात सरासरीच्या दुप्पट-अडीचपट. एकाच घरातल्या माणसांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते, म्हणजे यात रक्ताचाही वाटा आहे.

हे वाचून पहिल्यांदा मन खट्टू होतं. आपण त्या शून्यवाल्यांत असलो तर? पण झ्युरिकमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने त्याच्या पुढची गोष्ट सांगितली. सहा आठवड्यांच्या व्यायामाने ज्यांच्यात काही फरक पडला नाही, त्यांना माँटेरो आणि लुंडबी या संशोधकांनी सोडून दिलं नाही. आठवड्याला दोन सत्रं वाढवून आणखी सहा आठवडे व्यायाम करून घेतला. मग त्या सगळ्यांचा दमसास वाढला. म्हणजे ती माणसं व्यायाम न लागू पडणारी नव्हती. त्यांना मिळालेली मात्रा त्यांची नव्हती, इतकंच. आता हे कुणाच्या लक्षात यावं लागतं. घरी एकट्याने तक्ता चालवणारा माणूस सहा आठवड्यांनी आरशात बघतो, फरक दिसत नाही, आणि व्यायाम सोडतो. त्याला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. अशी किती तरी माणसं मला या वर्षात भेटली. त्यांच्या बोलण्यातली शरम ऐकून मला वाईट वाटलं, कारण ती शरम त्यांची नव्हतीच.

आपल्या शरीरांबद्दलचा सर्वांत बोलका पुरावा तर पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजनाचा आकडा, अगदी एकच होता: २२.३. छायाचित्रात दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. वरून बारीक, आतून चरबी, ही आपली भारतीय ठेवण. वजनकाट्यावर आणि तक्त्यावर दोघे एका खान्यात बसतात, त्यांचा व्यायाम मात्र एक असू शकत नाही. बहुतेक तयार क्रमांत पहिला प्रश्न वजन आणि उंची हाच असतो. तिथेच आपली फसगत सुरू होते.

तसंच ते २२०. कोणत्याही जिममध्ये सायकलच्या यंत्रावर चिकटवलेलं असतं: २२० मधून वय वजा करा, ती तुमच्या हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा. फॉक्स आणि हॅस्केल या अमेरिकन संशोधकांच्या १९७१ मधल्या एका लेखातून पसरलेला हा ठोकताळा. खऱ्या माणसांत त्यापासून दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, कुणाचा त्याहूनही जास्त. आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले राहतात. तो आकडा गाठायला जाणारा माणूस जिवाच्या आकांताने धावत असतो आणि यंत्र त्याला सांगत असतं, अजून जोर लाव. पन्नाशीपुढच्या किती घरांत ही गोळी आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून चांगला शिक्षक पहिल्या दिवशी औषधांची यादी मागतो. न मागणाऱ्यापासून लांब राहावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

तयार व्यायामक्रम विकण्याचा धंदा काही मोबाइलबरोबर आलेला नाही. आपण ज्याला सँडो बनियन म्हणतो, तो शब्द ज्याच्या नावावरून आला तो युजेन सँडो हा पिळदार शरीराचा माणूस १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात खेळ करून गेला. वयानुसार व्यायामाचे तक्ते छापणं, टपालाने क्रम आणि उपकरणं विकणं हे त्याने जगभर केलं. त्याच्या मागून कितीतरी आले. घरबसल्या, एकट्याने, तक्ता समोर ठेवून शरीर कमवता येतं, ही कल्पना तेव्हापासूनची.

आपल्याकडे त्याच काळात एक वेगळाच प्रयोग झाला, आणि त्याबद्दल मला फार आदर आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. त्यांनी संस्थानातल्या शाळांमधून ते सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली, गावोगाव जाऊन सांगितलं. एका राजाने प्रजेसमोर घाम गाळणं ही लहान गोष्ट नव्हती. सगळ्यांना एकच व्यायाम द्यावा, हा विचार तिथे दयेतून आला होता: साहित्य लागत नाही, जागा लागत नाही, पैसे लागत नाहीत, गरिबाच्या पोरालाही करता येतो. आज महाराष्ट्रात रथसप्तमीला शाळांच्या मैदानांवर शेकडो मुलं एका तालात नमस्कार घालताना दिसतात त्यामागे ही पुण्याई आहे. सर्वसामान्य क्रमाला मी नावं ठेवणार नाही. काही न करणाऱ्याला जमिनीवर आणण्याचं काम तोच करतो. पण नमस्कारातलं तिसरं आसन, ज्यात हात जमिनीला टेकायचे, ते पाठीच्या मणक्यात चकती सरकलेल्या माणसाने कसं करायचं, हे तालाच्या आकड्यांत बसत नाही. तिथे कुणीतरी जवळ यावं लागतं.

या जवळ येण्याचा अर्थ ज्याने जगाला शिकवला, तो माणूस पुण्याच्या मॉडेल कॉलनीत राहत होता. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली, अठरा वर्षांचे असताना, डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला पुण्यात आले. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पिचलेलं शरीर. दुखणाऱ्या शरीराला काय होतं हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून माहीत होतं. १९६६ मध्ये त्यांचं 'लाइट ऑन योग' आलं. त्याच्या शेवटी आसनांचा एक क्रम दिलेला आहे, तब्बल ३०० आठवड्यांचा. जगातला बहुधा सर्वांत चिकाटीचा छापील व्यायामक्रम असेल तो. आणि तो लिहिणारा माणूस मात्र स्वतःच्या वर्गात त्या क्रमाला चिकटून बसला नाही. एकाला भिंतीवरच्या दोरांना लटकवलं, दुसरीच्या टाचेखाली लाकडी ठोकळा ठेवला, तिसऱ्याच्या पाठीखाली घोंगडीची घडी, चौथ्याला खुर्चीत उलटं बसवलं. १९७५ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेतल्या या वस्तू आता जगभरच्या योगवर्गांत दिसतात. बाहेर त्यांना साधनं म्हणतात. मला ते ठोकळे म्हणजे अय्यंगारांनी माणसागणिक केलेली दुरुस्ती वाटते. आसन तेच, पण शरीर जिथपर्यंत येतं तिथून जमीन वर उचलून घ्यायची.

यहुदी मेन्यूहिन हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक १९५२ मध्ये मुंबईत त्यांना भेटला. वाद्य धरून धरून आखडलेलं शरीर, झोप नाही. अय्यंगारांनी त्याला व्हायोलिनवादकाचं शरीर म्हणून पाहिलं. पुढे मेन्यूहिनने त्यांना घड्याळ भेट दिलं, त्याच्या पाठीवर त्यांना आपला सर्वांत चांगला व्हायोलिन-शिक्षक म्हटलेलं होतं. आणि बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्याकडून शीर्षासन शिकल्या. ऐंशीच्या बाईला शीर्षासन कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही. ते सुचवण्याची हिंमत तोच करू शकतो, ज्याने त्या विशिष्ट बाईची मान, खांदे आणि जिद्द आपल्या डोळ्यांनी पारखली आहे. मला वाटतं, वैयक्तिक मार्गदर्शनाविषयी आपला एक गैरसमज इथे दूर व्हावा. ते म्हणजे केवळ जपून, हलकं करून देणं नव्हे. शिक्षकाची नजर थांबवते, तशीच पुढेही ढकलते.

अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठातल्या एका प्रयोगात नेमकं हेच दिसलं. २००० साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग. वजनं उचलणाऱ्या पुरुषांच्या दोन गटांना १२ आठवड्यांचा एकच क्रम दिला. एका गटावर शिक्षक लक्ष ठेवून, दुसरा आपला आपण. देखरेखीखालच्या गटाची ताकद जास्त वाढली. कागदावरचा व्यायाम एकच असूनही शिक्षक असलेल्यांनी वजनं लवकर लवकर वाढवत नेली. एकटा माणूस एक तर अंगावर जास्त घेतो, माझ्यासारखा, नाही तर आपल्या ओळखीच्या वजनापाशी रेंगाळतो. त्याला "अजून पाच किलो, मी आहे इथे" म्हणणारा माणूस हवा असतो.

खाशाबा जाधवांचं पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल, पहिले वस्ताद वडील दादासाहेबच. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते उभा जन्म मातीत लढलेलं शरीर घेऊन. गादीची, आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचं मार्गदर्शन त्यांना मिळालं आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी जिवाचं रान केलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांना पाठवण्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात ब्राँझपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीतला डाव गादीवर कसा उतरवायचा, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पाहणाऱ्या माणसांच्या साखळीतून ते घडलं.

तालमीत या पाहण्याची एक भाषा असते. "अंग आलंय", "दम तुटतोय", "मान कच्ची हाय", "ह्येला खुराक वाढवा". प्रत्येक वाक्य एका पोराबद्दल असतं. वस्ताद जोड लावतात तेव्हा कोण कुणाशी लढल्याने कोणाचं काय सुधारेल, याचा हिशेब डोक्यात चाललेला असतो. हे सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही. तालमीत माराची परंपराही होती, दुखापत लपवण्याची होती, आणि मुलींना तर अगदी काल-परवापर्यंत उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. एकाच माणसाच्या हाती सगळा अधिकार दिला की ते भय राहतंच. नजर हवी आणि त्या नजरेला विचारता येईल अशी मोकळीकही हवी.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या जिममध्ये मी तिथल्या एका प्रशिक्षकाशी दोन संध्याकाळी बोलले. वय २७, मूळचा लातूरकडचा. पहाटे साडेपाचला हजर, दुपारी चार तास मोकळे, मग रात्री साडेदहापर्यंत. पगार तुटपुंजा, खरी मिळकत 'पीटी'वर, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगवर. "पीटी घेतलंय का?" हा तिथला परवलीचा प्रश्न. बारा सत्रांचे, चोवीस सत्रांचे पॅक विकायचे, महिन्याचं टार्गेट गाठायचं, प्रोटीनचे डबे खपवले तर त्यावर वेगळं कमिशन. तो मोकळेपणाने म्हणाला, "मॅडम, दिवसाला नऊ-दहा क्लायंट घेतो मी. सातव्याला मी खरंच बघत असतो का, असं विचाराल तर नाही. मोजत असतो. एक, दोन, तीन, चार."

त्याचं ते वाक्य मला विसरता येत नाही. मोजणं आणि बघणं. पैसे पर्सनल ट्रेनिंगचे घेतले आणि दिली फक्त मोजणी, तर तो पुन्हा तयार क्रमच झाला, फक्त बोलणारा. आपल्याकडे जिममध्ये शिकवायला परवाना लागत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेला माणूस आणि सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेला माणूस, दोघांच्याही छातीवर 'ट्रेनर' हीच अक्षरं. ग्राहकाने ओळखायचं कसं? मी ज्या ज्या चांगल्या शिक्षकांना भेटले, त्यांच्यात एक गोष्ट समान होती: ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वतःचंच सांगितलेलं बदलत. "हे तुम्हाला लागू पडत नाही, सोडून देऊ" असं म्हणण्याची त्यांना लाज वाटत नसे. आणि दुखतंय म्हटल्यावर ते "सहन करा" म्हणत नसत, "कुठे, कधी, कोणत्या हालचालीला" असं विचारत.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. घरी येणारा शिक्षक महिन्याला काही हजार घेतो. ज्या बाईला सर्वांत गरज आहे, चार घरची धुणीभांडी करून कंबर धरलेल्या, तिला तो कुठून परवडणार? महापालिकेच्या बागांमध्ये मोकळ्या जिमची यंत्रं बसवलेली असतात. संध्याकाळी तिथे उभं राहून पाहावं. पाय झुलवण्याच्या यंत्रावर लहान मुलं झोके घेतात आणि साठीची माणसं खांद्याच्या चाकाला उलटं फिरवत असतात. यंत्रांवर खर्च झाला, शेजारी उभं राहून "आजोबा, असं नाही, असं" म्हणणारा एक माणूस मात्र नेमला गेला नाही. एका बागेतल्या यंत्रांच्या खर्चात तो काही वर्षं नेमता आला असता, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या शिक्षिकेनेच यावर एक वाट काढली आहे. सिंहगड रस्त्याजवळच्या एका वस्तीत, समाजमंदिरात, ती आठवड्यातून दोनदा अकरा बायकांचा वर्ग घेते. प्रत्येकी महिन्याला दोनशे रुपये. मी तीन वेळा जाऊन बसले. वर्ग एक, पण एका वेळी अकरा वेगळ्या गोष्टी चाललेल्या. एक भिंतीला पाठ लावून बसते-उठते आहे, दुसरी पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलते आहे, जिचं सिझेरियन होऊन चार महिने झाले ती फक्त चटईवर पडून श्वासाबरोबर पोट आत घेते आहे. शिक्षिका वही काखेत धरून फिरते. कुणाच्या खांद्याला दोन बोटं लावते, कुणाजवळ नुसती थांबते. एक बाई तिला म्हणाली, "म्याडम, आज मला टाइम न्हाई दिला तुम्ही." तिने वही उघडून दाखवलं, "दिला ना मावशी. मागच्या मंगळवारी वाकताना श्वास धरत होतात. आज नाही धरला. मी लांबून बघत होते." त्या मावशींचा चेहरा बघण्यासारखा होता. माझ्या अंदाजाने त्यांच्या शरीराकडे आजवर कोणी कामाखेरीज बघितलं नसावं. वैयक्तिक मार्गदर्शन म्हणजे एकाला एक शिक्षक, असं गणित नाही. अकरा जणींत आपलं स्वतःचं पान असणं, हेही तेच आहे.

गेल्या पावसाळ्यापासून ती माझ्या सासूबाईंनाही शिकवते. त्या ७९ वर्षांच्या. ज्येष्ठांसाठीचे व्यायाम म्हणून बरंच काही मिळतं, खुर्चीत बसून हात वर-खाली करण्याचं. सासूबाईंनी ते चार दिवस केलं आणि सोडलं. शिक्षिकेने त्यांना वेगळंच विचारलं, "आजी, तुम्हाला काय करायचंय?"

"मला इस्लामपूरला जायचंय. बहिणीकडे. एसटीने."

आम्ही गाडीने सोडू म्हणालो होतो. त्यांना एसटीच हवी होती. स्वतःच्या पिशवीसह, स्वतःच्या मर्जीने. पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, त्याचं कार्ड त्यांच्या बटव्यात होतं. "तिकीट फुकट झालं गं, पण पायरी चढवत नाही," त्या म्हणाल्या. एसटीची पहिली पायरी किती उंच असते, हे तरुण माणसाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षिका स्वारगेटला गेली आणि उभ्या गाडीच्या पायरीची उंची टेपने मोजून आली. आकडा वहीत लिहिला. मग आमच्या स्वयंपाकघरातला जेवायचा पाट आला. एका पाटावर चढणं-उतरणं, ओट्याला हात धरून. तीन आठवड्यांनी पाटाखाली वीट. मध्ये आठ दिवस सासूबाईंना खोकला झाला तेव्हा वीट काढली गेली आणि पुन्हा नुसता पाट आला. मग दोन पाट. मग हात ओट्यावरून दाराच्या कडीवर, कारण एसटीत धरायला उभा दांडा असतो. दर वेळी कोणता पाय आधी, हे ठरलेलं: डावा, कारण उजव्या खुब्यात जोर कमी.

काल मी ती वही चाळली. माझ्या पानावर आता महिन्यातून एकदाच नोंद असते. बाकीचं मी माझं मी करते. सासूबाईंच्या पानावर शेवटची ओळ पेन्सिलीने लिहिली होती: "दोन पाट + वीट, डावा आधी, ६ वेळा जमलं. हातात पिशवी देऊन बघणे. झोप विचारणे. गुरुवारी दुपारी गर्दी नसते, स्वारगेट."